स्वागताध्यक्षीय भाषण : पीसीबींचा मुक्काम



पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, अर्थात पीसीबी, या रसायनसमूहावर अमेरिकेने १९७९ मध्येच बंदी घातली असताना त्यासाठी आज पर्यावरण-रसायनशास्त्राची ही परिषद कशाला, अशी शंका कोणी घेतल्यास ती अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही. तिचे उत्तर या रसायनांच्या चिवटपणात आहे.

परस्परांना जोडलेल्या दोन बेंझिन वलयांवर एक ते दहा क्लोरिन अणू बसले की या समूहातील २०९ संयुगे संभवतात. ती सहजी पेट घेत नाहीत, आम्लांना दाद देत नाहीत आणि वीज वाहू देत नाहीत, म्हणून ट्रान्सफॉर्मर व कपॅसिटरसाठी उद्योगाने ती डोक्यावर घेतली. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठच्या कपॅसिटर कारखान्यांतून १९४७ ते १९७७ या काळात ती नदीत गेली आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्यामुळे त्यांचा मोठा वाटा तळच्या गाळातील सेंद्रिय कणांना चिकटून राहिला. प्राणवायू न पोहोचणाऱ्या त्या गाळातील जिवाणू रेणूंवरील काही क्लोरिन अणू हळूहळू काढतात, हे खरे. परंतु वलये शाबूत राहतात, त्यामुळे नदी आपली आपण शुद्ध होईल हा त्या काळी हिरिरीने मांडला गेलेला युक्तिवाद अर्धाच टिकतो. अखेर २००९ ते २०१५ या काळात गाळ उपसावा लागला.

गाळाबाहेरचा प्रवास अधिक विलक्षण आहे. उष्ण हवेत वाफ होऊन उडालेली संयुगे थंड प्रदेशात पुन्हा खाली उतरतात, आणि अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर चरबीतील त्यांचे प्रमाण वाढत जाते, ज्याला जैवविवर्धन म्हणतात. म्हणूनच १९८० च्या दशकात उत्तर क्वेबेकमधील इन्युइट मातांच्या दुधात, जवळपास पीसीबी वापरणारा एकही कारखाना नसताना, दक्षिणेकडील मातांपेक्षा कितीतरी अधिक पीसीबी आढळले.

भारताने २००६ मध्ये अशा चिवट सेंद्रिय प्रदूषकांवरील स्टॉकहोम कराराला मान्यता दिली आणि २०१६ च्या आदेशाने पीसीबींचा वापर थांबवण्यासाठी २०२५ अखेरची मुदत ठरवली. तथापि जुना ट्रान्सफॉर्मर भंगारात निघाला की तांब्याचा हिशेब चोख होतो, आतल्या पीसीबीयुक्त तेलाचा क्वचितच. शिवाय तेल गाळण्याच्या एकाच यंत्रातून आधी दूषित आणि मग स्वच्छ तेल गेले, तर दुसरेही दूषित होते. या गाळणीच्या प्रश्नावर उद्या सकाळच्या सत्रात वीजक्षेत्रातील तंत्रज्ञ बोलणार असून, प्राध्यापक-संशोधकांनी त्या सत्राला आवर्जून बसावे, अशी स्वागत समितीची विनंती आहे.