जुनी हलकी दुर्बीण की नवी जड?

आज मी बंदुकीवरच्या दुर्बिणीविषयी बोलणार आहे. ऐकून तुम्ही दचकाल. आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनी हौसेची शिकार बंद केली, आणि ते योग्यच झाले. मग हा मास्तर आता शिकार शिकवणार की काय? तसे नव्हे. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत, ऑरेगॉन राज्यात राहतो. तिथे परवाना काढून, ठरल्या हंगामात हरणाची शिकार करता येते. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी त्याला आपली रायफल दिली. तिच्यावर १९६० च्या सुमाराची, चौपट मोठे दाखवणारी लहानशी दुर्बीण आहे. दुकानदार म्हणतो, "ती काढा, तीनपटीपासून पंधरापटीपर्यंत जाणारी नवी बसवा." विद्यार्थ्याने मला लिहिले, "सर, भिंगे तुम्हीच शिकवलीत. आता कोणती ठेवू, ते सांगा."

शाळेसाठी दुर्बीण घेणाऱ्या गुरुजींनाही हाच हिशेब करावा लागतो. म्हणून माझे उत्तर तुम्हालाही सांगतो.

आधी वजन पाहू. जुनी चौपट दुर्बीण पाव किलोहून थोडी अधिक भरते. जाड नळीची नवी मोठी दुर्बीण पाऊण किलोच्या पुढे जाते. दुकानात हा फरक जाणवत नाही. दिवसभर डोंगर चढल्यावर मात्र खांद्याला तो बरोबर कळतो. शिवाय हे ओझे बंदुकीच्या वरच्या अंगाला बसते, त्यामुळे ती हातात डुलते.

आता उजेड. पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि त्याला पटीने भागा. जे उत्तर येईल, तेवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत डोळ्याकडे येतो. भिंग ३२ मिलिमीटरचे आणि पट चार, तर झोत आठ मिलिमीटरचा. भिंग ४४ चे आणि पट पंधरा, तर झोत तीन मिलिमीटरही नाही. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, उतारवयात पाचाच्या आसपास. म्हणजे तिन्हीसांजेला मोठी पट लावली की चित्र मोठे होते, पण काळवंडते. ऑरेगॉनात सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकारीला मुभा आहे, आणि हरणे बाहेर पडतात ती नेमकी अशाच वेळी. पट कमी करता येते, हे खरे. पण हरीण समोर आल्यावर कडे फिरवायचे कोणाला आठवते?

मग नव्यात काहीच चांगले नाही का? आहे, आणि ते मोलाचे आहे. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. अशी दहा पृष्ठे असली, तर जवळजवळ एक तृतीयांश उजेड वाटेतच जातो. जर्मनीत त्साइस कारखान्यातील अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली भिंगांवर पातळ लेप देऊन हा तोटा कमी केला. आज एकावर एक अनेक लेप देतात आणि दहातला नऊ भागांहून अधिक उजेड पार जातो. दुसरी गोष्ट दमटपणाची. नळीतली हवा काढून कोरडा नायट्रोजन भरतात, म्हणजे आत बाष्प धरत नाही. जुन्या दुर्बिणीतली रबरी कडी वाळतात, वायू निघून जातो आणि थंडीत भिंग आतून धुकटते.

आता मुलूख पाहा. कॅस्केड पर्वताच्या पूर्वेला उघडे माळ आहेत. तिथे लांबचे दिसावे लागते. माझा विद्यार्थी राहतो पश्चिमेला. तिथे पाऊस आणि दाट झाडी. हरीण दिसते तेच जवळ. चौपट दुर्बिणीत शंभर मीटरवरचा नऊ-दहा मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, पंधरापटीत जेमतेम दोन-अडीच मीटरचा. झाडीत एवढ्याशा खिडकीतून हरीण शोधायचे कसे?

पत्राच्या शेवटी त्याने एक गोष्ट लिहिली होती. गेल्या हंगामात तो एका ओळखीच्याबरोबर गेला होता. त्या गृहस्थांकडे नवी दुर्बीण. पलीकडच्या उतारावरचे हरीण त्यांना अगदी अंगणात उभे असल्यासारखे दिसले, आणि त्यांनी चाप ओढला. हरीण जखमी होऊन पळाले. दोघांनी रात्रीपर्यंत रक्ताचा माग काढला. ते सापडले नाही. "सर, तेव्हापासून झोप नीट लागत नाही," असे त्याने लिहिले होते.

श्रोतेहो, दुर्बीण हरणाला जवळ आणीत नाही, जवळ आल्यासारखे दाखवते. गोळीला अंतर तेवढेच कापावे लागते. वारा तिला तेवढाच ढकलतो आणि हातही तेवढाच कापतो.

मी त्याला लिहिले: "जुनी ठेव. मात्र उबेतून थंडीत नेऊन आतून धुकटते का ते पाहा, आणि नेम जागचा हलत नाही ना, तेही तपास. बिघडली असेल तर नवी घे. पण लहान घे, कमी पटीची, चांगल्या लेपाची. आणि जेवढ्या अंतरावर तुझा हात खात्रीचा आहे, त्यापुढे चाप ओढू नकोस."

गुरुजींनाही सांगणे हेच. मुलांना पाखरे दाखवायला सातपट-आठपट दुर्बीण पुरते. मोठ्या आकड्याला भुलू नका. मुलाच्या हातात ती स्थिर राहते का, ते पाहा.