अण्णांचा पीएसए आणि छापखान्याचं काम

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातली वाटचाल' असा विषय दिला होता. त्यावर बोलणारे आज आपल्यात निदान सहा जण आहेत. मी अण्णांबद्दल बोलते. माझे वडील म्हणून नव्हे, तर गणपती आळीतल्या छापखान्याचे अण्णा म्हणून तुम्ही सगळे त्यांना ओळखता. आपल्या सहामाहीच्या प्रश्नपत्रिका त्यांच्याकडेच छापायच्या, आणि त्या आठवड्यात तुमच्यातले काही जण माझ्याशी फार गोड वागायचे, हेही मला आठवतं.

अण्णांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला. २०२१ मध्ये शस्त्रक्रियेनं पूर्ण ग्रंथी काढली. त्यानंतर ठरावीक महिन्यांनी रक्तातला पीएसए तपासायचा. पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींनी तयार केलेलं प्रथिन आहे. ग्रंथी शरीरात असेल, तर वयानुसार ती वाढल्यानं किंवा लघवीच्या जंतुसंसर्गानंही हा आकडा चढतो. लगेच कर्करोग समजायचं कारण नाही. पण ग्रंथीच काढून टाकल्यावर ते प्रथिन करायला शरीरात दुसरं कुणी उरत नाही. मग आकडा जवळजवळ शून्यच राहायला हवा. अण्णांचा दोन वर्षं ०.०५ च्या खाली होता. नंतर ०.०७ आला, सहा महिन्यांनी ०.१३, आणखी सहा महिन्यांनी ०.२२.

शस्त्रक्रियेआधी हाच आकडा ११ होता, त्यामुळे ०.२२ म्हणजे काहीच नाही, असं घरात सगळ्यांना वाटलं. माझा व्यवसाय नोंदी वाचण्याचा. एका नोंदीवरून मी कधी घाबरत नाही, पण तीन नोंदी एकाच दिशेला जात असतील तर मी जेवण सोडून उठते. आकडा किती आहे यापेक्षा तो किती दिवसांत दुप्पट होतो हे डॉक्टर पाहतात. अण्णांचा सात-आठ महिन्यांत दुप्पट होत होता. ग्रंथी काढलेल्या माणसात ०.२ ओलांडला आणि पुन्हा तपासूनही तसाच आला, की आजार परतला असं धरतात. आधी ग्रंथी न काढता शेक घेतला असेल तर हिशेब निराळा असतो: उपचारानंतरच्या नीचांकापेक्षा २ ने वर गेला तर. दोन्ही प्रकारात तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करायची, कारण यंत्र बदललं की आकडा थोडा हलतो. सहा आठवड्यांनी आम्ही तिथेच पुन्हा रक्त दिलं. ०.२४.

पीएसएमए पेट स्कॅन केला. त्यात काहीच दिसलं नाही. इतक्या कमी आकड्याला बऱ्याचदा दिसत नाही. अण्णांचा प्रश्न रास्त होता: "जे दिसत नाही त्याला शेक कशाला द्यायचा?" डॉक्टरांचं म्हणणं असं की, आजार त्या जागेपुरता असेल तर तो मोडण्याची संधी आकडा लहान असतानाच जास्त असते. स्कॅनमध्ये दिसेपर्यंत थांबणं म्हणजे त्याला वेळ देणं. अण्णा तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "चूक प्रुफातच काढावी, छापून झाल्यावर नाही." आणि तयार झाले.

शेकाच्या ३३ बैठका, आठवड्यातून पाच दिवस. शिवाय सहा महिन्यांसाठी हार्मोनची दोन इंजेक्शनं. पुरुषी संप्रेरक कमी केलं की हा कर्करोग दबतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं, त्यासाठी १९६६ चं नोबेल त्यांना मिळालं. आमच्या घरी मात्र चर्चा होती ती लग्नपत्रिकांची. ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे ऐन हंगाम, आणि छापखान्यात अण्णा आणि एक मदतनीस, बस.

वाईहून रोज पुण्याला येणं शक्य नव्हतं. म्हणून सोमवार ते शुक्रवार अण्णा माझ्याकडे, शुक्रवारी बैठक झाली की स्वारगेटहून एसटीनं वाई, आणि सोमवारी पहाटे परत. बैठक सकाळी साडेआठची. यंत्रावर काही मिनिटंच जातात, पण आधी अर्धा लीटर पाणी पिऊन लघवी धरून ठेवावी लागते, म्हणजे मूत्राशय भरून आतडी बाजूला राहतात. यंत्र अर्धा तास उशिरा चालू झालं तर सत्तरीच्या माणसाची काय अवस्था होते, ते त्या बाकावर बसल्याशिवाय कळत नाही. मी ऑफिसात वरिष्ठांना स्पष्ट सांगितलं: वडिलांचा उपचार आहे, सात आठवडे मी साडेदहाशिवाय येणार नाही. त्यांनी सकाळची रोजची मीटिंग अकराला नेली. दोन मिनिटांचं बोलणं. 'घरगुती कारण' म्हटलं असतं तर रोज एक नवं कारण शोधत बसले असते.

अण्णांना हे जमेना. गिऱ्हाइकांना ते सांगत होते, "मणक्याचं दुखणं आहे." लघवीबद्दल, पॅडबद्दल, आणि ज्या गोष्टी मुलीसमोर बोलायच्याच नसतात त्यांबद्दल, ते माझ्याशीही भिंतीकडे बघून बोलत. आईनं एकदा मध्यस्थी केली, मग मी यादी करून विचारू लागले आणि ते 'होय', 'नाही' म्हणू लागले. तेवढ्यावर भागलं.

काम त्यांनी सोडलं नाही, पण बदललं. कागदाची रिमं उचलणं बंद. या इंजेक्शनांनी स्नायू आणि हाडं दोन्ही कमकुवत होतात. प्रुफं मोबाइलवर यायची, मी ऑफिसातून मोठ्या अक्षरात छापून आणायची. पहिले तीन आठवडे ते म्हणत, "यात आहे काय एवढं?" चौथ्या आठवड्यात थकवा आला. झोपून न जाणारा थकवा. दुपारी एक ते तीन पडायचं, आणि त्यानंतर फक्त सोप्या पत्रिका वाचायच्या, असा नियम त्यांनी स्वतःच केला. लोक म्हणतात, कामात राहिलं की आजार विसरतो. मला ते पटत नाही. अण्णा आजार विसरले नव्हते. त्यांना दिवसाला एक आकार हवा होता, एवढंच. ज्यांना तो नको असेल त्यांनी खुशाल रजा घ्यावी.

अंगातून वाफा येणं हे आपल्या वर्गातल्या मैत्रिणींना समजावून सांगायला नको. अण्णांना ते सत्तराव्या वर्षी कळलं. थंडीत पंखा लावून बसले आणि आईला म्हणाले, "तू हे काढलंस तेव्हा मी पंखा बंद करायचो ना गं?" आई काही बोलली नाही, पण रेग्युलेटर पाचवर नेला.

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी एक जुनं गिऱ्हाईक मुलीची पत्रिका घेऊन आलं. मणक्याची चौकशी झाली. अण्णा कदाचित दमले असतील, सरळ म्हणाले, "मणका नाही हो, प्रोस्टेट. शेक चालू आहे." समोरचा माणूस उठून दार लोटून आला आणि म्हणाला, "मला सहा वर्षं झाली." सहा वर्षं दोघं एकाच गल्लीतून जात होते. शेकानंतर जळजळ किती दिवस राहते, एसटीत काय करायचं, खंबाटकीच्या आधी कुठल्या हॉटेलात स्वच्छतागृह बरं आहे, हे सगळं अण्णांना त्या अर्ध्या तासात मिळालं. माझ्या यादीत यातलं काही नव्हतं.

शेकानंतरचा पहिला आकडा ०.०५ च्या खाली आला. पेढे वाटू नका, असं मीच म्हटलं, कारण इंजेक्शनचा अंमल असेपर्यंत आकडा खाली राहतोच. तो उतरल्यावरची तपासणी खरी. ती ऑक्टोबरमध्ये झाली, तेव्हाही खालीच होता. पुढची जानेवारीत.

वर्गातल्या मुलांनो, तुम्ही आता पंचेचाळिशीत आहात. वडिलांना किंवा भावाला हा आजार असेल तर धोका साधारण दुप्पट होतो, तेव्हा तपासणी कधीपासून करायची हे डॉक्टरांना आताच विचारा. माझ्या भावानं विचारलं. आणि कुणाला हे माइकसमोर बोलायचं नसेल तर जेवणाच्या सुट्टीत मी सायकल स्टँडपाशी आहे. अण्णाही आले आहेत, मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर. ती खुर्ची त्यांनी का निवडली ते आता तुम्हाला कळलं असेल.