दोन मिनिटांची शिक्षा

पिंपरीच्या नेहरूनगरात मेजर ध्यानचंदांच्या नावाचं हॉकीचं मैदान आहे. डिसेंबर २०२१ मध्ये पुरुषांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा तिथंच झाली. आमच्या चाकणकडची मुलं त्या मैदानावर पहिल्यांदा उतरली तेव्हा निम्मा वेळ खाली बघतच चालत होती. घरचं मैदान मुरमाचं, आणि इथं पाणी मारलेली कृत्रिम हिरवळ! चेंडू कसा पाण्यावरून घसरल्यासारखा पळतो.

त्या दिवशीचा सामना आम्ही एका गोलानं हरलो. तो गोल कसा झाला, ते आज आपल्याला सांगायचं आहे.

हॉकीचं मैदान ९१.४० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. आपल्या हिशेबानं जवळजवळ पन्नास गुंठे, म्हणजे सव्वा एकर. गोलरक्षक सोडला तर दहा गडी राहतात. एकेकाच्या वाट्याला पाच गुंठे राखण येते. आता यातला एक गडी पंचानं बाहेर बसवला, की उरलेल्या नऊ जणांना साडेपाच-साडेपाच गुंठे राखावे लागतात. अर्धा गुंठा काय मोठा, असं वाटेल. पण समोरचा शहाणा असेल तर तो नेमका त्या अर्ध्या गुंठ्यातूनच चेंडू काढतो.

पंचाजवळ तीन रंगांची कार्डं असतात. हिरवं दाखवलं की दोन मिनिटं बाहेर. पिवळं दाखवलं तर निदान पाच मिनिटं. तांबडं म्हणजे सामन्यातूनच रजा, आणि त्याच्या जागी दुसरा गडी घेता येत नाही. अमेरिकेतल्या कॉलेजांत बर्फावरची हॉकी खेळतात, तिथंही लहान गुन्ह्याला दोनच मिनिटं. त्या वेळात समोरच्यांचा एक गडी जास्त होतो. त्याला ते ‘पॉवर प्ले’ म्हणतात. मात्र तिथं त्या अवधीत गोल बसला, की लहान शिक्षा संपते आणि बसवलेला गडी परत येतो. आपल्या हॉकीत ती सवलत नाही. गोल खा, वर उरलेला वेळही भरा.

दुसरी गोष्ट शॉर्ट कॉर्नरची, म्हणजेच पेनल्टी कॉर्नरची. गोलसमोरच्या अर्धवर्तुळाला ‘डी’ म्हणतात. तिथं बचाव करणाऱ्याच्या पायाला चेंडू लागून त्याचा फायदा झाला, तरी बहुधा कॉर्नर मिळतो. मग गोलरक्षकासह फार तर पाच जण गोलच्या रेषेमागं उभे राहतात, बाकीचे पार मध्यरेषेपलीकडं. एक जण चेंडू आत ढकलतो, दुसरा ‘डी’बाहेर थांबवतो, तिसरा मारतो. हे सगळं दोन-तीन सेकंदांत उरकतं. तेवढ्यात बचावाकडचा पहिला धावणारा चेंडूवर जाऊन पडला पाहिजे. छातीचा कोट करून, बरं का!

आता गंमत पाहा. एक गडी बाहेर असला तरी कॉर्नरला पाच जण उभे करता येतातच. संख्येत तूट दिसत नाही. पण बाहेर बसलेला तोच पहिला धावणारा असेल तर?

आमचं तसंच झालं. बारावीतला मुलगा, वडील कारखान्यात पाळीवर जाणारे. शिट्टी झाल्यावर रागानं त्यानं चेंडू दूर मारला. हिरवं कार्ड! त्याच दोन मिनिटांत आमच्यावर कॉर्नर आला. त्याच्या जागी उभा केलेला पोरगा घाईनं, चेंडू ढकलण्याआधीच रेषेबाहेर आला. नियमाप्रमाणे पंचानं त्याला मध्यरेषेपलीकडं पाठवलं, आणि त्याच्या जागी कोणी देता येत नाही. राहिले गोलरक्षक आणि तिघं. पुढं काय झालं ते सांगायला नको.

मोठ्यांचंही असंच होतं. ४ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिंपिक, उपांत्यपूर्व फेरी, समोर ग्रेट ब्रिटन. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला तांबडं कार्ड मिळालं. साठ मिनिटांच्या सामन्यात त्रेचाळीस मिनिटं भारत दहा जणांवर खेळला. तरी हरमनप्रीत सिंगनं कॉर्नरवर गोल केला, श्रीजेशनं गोल राखला, बरोबरी झाली आणि शूटआऊटमध्ये आपण ४-२ जिंकलो. ती पुण्याई मोठीच. पण शिक्षा तिथं संपली नव्हती. रोहिदास कॉर्नरला पहिला धावणारा. जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याला बंदी होती. तो सामना आपण २-३ असा गमावला. केवळ त्यामुळंच, असं मी म्हणणार नाही; पण चुटपुट लागते. पुढं स्पेनला २-१ हरवून कांस्यपदक आणलं, ते दोन्ही गोल हरमनप्रीतनं कॉर्नरवरच केले.

परतताना बसमध्ये तो मुलगा मागच्या बाकावर एकटा बसला होता. भोसरी गेली, मोशी गेली, इंद्रायणीचा पूल गेला. कोणी त्याच्याशी बोललं नाही. मीही नाही. खरं तर दोष माझा होता. तीन वर्षं मी त्यांना चेंडू मारायला शिकवलं, अकरा जणांनी खेळायला शिकवलं. दहा जणांनी दोन मिनिटं कशी काढायची, हे एकदाही शिकवलं नव्हतं. आणि पंचाशी हुज्जत मीच घालतो, हे पोरं पाहत होतीच की!

शिक्षक बंधुभगिनींनो, याला खर्च काही नाही. आम्ही फक्कीनं ‘डी’ आखतो. सराव ऐन भरात असताना न सांगता एकाला बाहेर बोलावतो आणि घड्याळ लावतो. उरलेल्यांनी आपापसांत ओरडून जागा वाटून घ्यायच्या, चेंडू कडेकडेनं न्यायचा, घाईचा हल्ला करायचा नाही. कॉर्नरसाठी धावणारे दोघं तयार ठेवतो, एक नव्हे. चेहऱ्याला मुखवटा आणि गुडघ्याला गादी बांधल्याशिवाय कोणाला धावू देत नाही. तेवढा मात्र खर्च करावा लागतो.

तो मुलगा आता चाकणच्याच एका कारखान्यात आहे. रात्रपाळी नसली की रविवारी सकाळी येतो. लहान पोरांना रेषेमागं उभं करतो आणि चेंडू ढकलणाऱ्याच्या हाताकडं बघायला सांगतो, चेंडूकडं नाही. कोणी आधी निघालं, की शिट्टीची वाट न बघता स्वतःच त्याला मध्यरेषेकडं पिटाळतो.