स्वतंत्र पक्षाचा उदयास्त

इतिहासाच्या तासाला जिंकलेल्या पक्षांचीच कथा अधिक सांगितली जाते. आज मात्र अवघ्या पंधरा वर्षांत उदयास येऊन मावळलेल्या एका पक्षाची हकीकत सांगावयाची आहे.

१९५९ च्या जानेवारींत काँग्रेसनें नागपूरच्या अधिवेशनांत संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला. त्याच वर्षीं, वयाची ऐंशी वर्षें पूर्ण झालेले राजगोपालाचारी, प्रा. रंगा व मिनू मसानी यांनीं स्वतंत्र पक्ष काढला. शेतकऱ्याची जमीन त्याच्याच हातीं राहावी, आणि उद्योग करणाऱ्यास पावलोपावलीं सरकारी परवान्यासाठीं तिष्ठावें लागूं नये, हें त्यांच्या म्हणण्याचें सार होतें. या कारभारास राजाजींनीं ‘परमिट-लायसेन्स राज’ असें नांव दिलें. पक्षाचीं मूलतत्त्वें एकवीस. त्यांपलीकडील प्रश्नांवर सभासदास मतस्वातंत्र्य होतें. आपल्या देशांत ही गोष्ट विरळाच!

१९६२ सालीं लोकसभेंत पक्षाला १८ जागा मिळाल्या. १९६७ सालीं ४४ मिळून तो सर्वांत मोठा विरोधी पक्ष ठरला. परंतु हीं मतें कोठून आलीं, हें पाहिलें पाहिजे. जयपूरच्या गायत्रीदेवी १९६२ मध्यें विक्रमी मताधिक्यानें निवडून आल्या. १९६७ मध्यें ओरिसांत पक्षाचें संयुक्त सरकार आलें, तेव्हां मुख्यमंत्री झाले तेही बोलांगीरचे माजी राजेच. युक्तिवाद राजाजींचा, पण पुष्कळ ठिकाणीं मतें मिळालीं तीं राजघराण्यांवरील निष्ठेचीं. पक्ष शेतकऱ्याचें नांव घेई. परंतु वाड्यांतून व गिरण्यांच्या कचेऱ्यांतून आलेल्या या मंडळींत गरीब कुळाला आपला माणूस कसा दिसावा?

१९७१ सालीं ‘गरिबी हटाओ’ या घोषणेपुढें पक्ष आठ जागांवर आला. त्याच वर्षीं संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. १९७२ च्या डिसेंबरांत राजाजी निवर्तले, आणि १९७४ सालीं पक्ष चरणसिंगांच्या भारतीय लोकदलांत विलीन झाला. योगायोग असा कीं, नागपूरच्या त्या ठरावास काँग्रेसमध्यें राहून विरोध करणारे चरणसिंगच होते.

पुढें १९९१ सालीं बहुतेक उद्योगांवरील परवान्यांचें बंधन उठलें, आणि तें उठविलें काँग्रेसच्याच सरकारनें! म्हणजे विचार टिकला, पक्ष टिकला नाहीं. उसन्या मतांवर उभारलेलें घर धनको उठून गेला कीं बसतें. विचार खरा असला तरी तो ज्याच्या हिताचा, त्याच्या दारापर्यंत स्वतः चालत जाण्याचे कष्ट पक्षाला चुकत नाहींत.