पाठ देणाऱ्याची पाठ

श्रोतेहो, आपल्या मराठी भाषेत 'पाठ' हा शब्द दोन लिंगांत चालतो. 'तो पाठ' म्हणजे धडा, आणि 'ती पाठ' म्हणजे आपल्या देहाचा मागला भाग. प्राथमिक शाळेत 36 वर्षे मुलांना पहिला पाठ देण्यात मी इतका गढून गेलो होतो, की दुसरीची आठवण मला कधी झालीच नाही. ती करून दिली माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. तीच हकिकत आज आपणांस सांगावी असा विचार आहे.

गेल्या दिवाळीत तो भेटीस आला. मी खुर्ची पुढे केली, तर तो म्हणाला, "गुरुजी, मी उभाच बरा आहे." त्याच्या विनयाचे मला मोठे कौतुक वाटले. तथापि घटका झाली, चहा झाला, तरी स्वारी उभीच! तेव्हा कळले की हा विनय नव्हे, ही पाठदुखी आहे.

हा गृहस्थ विमानविद्येचा शिक्षक आहे. म्हणजे माझ्यासारखाच मास्तर. फरक इतकाच, की माझी मुले फळ्यावरचे वहीत उतरवीत, आणि त्याची मुले फळ्यावरचे घेऊन आकाशात चढतात. ही विद्या आपल्याला अगदीच परकी आहे असे नाही. सोलापुरात 1882 साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनीच 1940 साली बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना उभारला. मुंबईच्या फ्लाइंग क्लबात शिकून जे. आर. डी. टाटा यांनी 1929 साली वैमानिकाचा परवाना मिळवला. आज बारामती व गोंदिया येथे वैमानिक घडविणाऱ्या संस्था आहेत, आणि 2025 च्या जूनपासून आपल्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून गोव्याला जाणारे विमानही आपण पाहिले.

अशा शिक्षकाचे आयुष्य ढगांत जात असेल, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ते पुष्कळसे टेबलापाशीच जाते. व्यावसायिक परवान्यासाठी विद्यार्थ्याला 200 तासांचे उड्डाण करावे लागते हे खरे. परंतु त्याच्या जोडीला मार्गनिर्णय, हवामान, हवाई नियम, विमानाची यंत्ररचना अशा विषयांच्या परीक्षा असतात. त्यासाठी शिक्षकाने नकाशे पसरायचे, कोनमापकाने दिशा मोजायच्या, उत्तरे तपासायची आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रत्येक उड्डाणाची नोंद संगणकात करायची. आकाशातला एक तास जमिनीवरचे अनेक तास मागतो.

मी सहज विचारले, "विद्यार्थी विमानात बसला की पहिला पाठ कोणता देतोस?"

तो म्हणाला, "गुरुजी, बसायचा."

मला हसू आले. पण त्याने जे सांगितले ते ऐकून मी गंभीर झालो. इंजिन सुरू करण्यापूर्वी आसन आपल्या मापाचे करून घ्यावे लागते. डोळ्यांना विमानाच्या नाकापलीकडचे दिसले पाहिजे, पायांना पावड्या शेवटपर्यंत दाबता आल्या पाहिजेत, आणि आसन आपल्या रुळांवर खटका पडून पक्के झाले पाहिजे. शिकाऊ लहान विमानात हा खटका नीट बसला नाही, तर धाव घेऊन वर उठताना आसन मागे सरकते. दांडा धरलेला हात आसनाबरोबर मागे ओढला जातो, विमानाचे नाक एकाएकी वर होते, आणि मग प्राणाशी गाठ! आसन हा तेथे आरामाचा प्रश्न नसून सुरक्षिततेचा आहे.

यासंबंधी त्याने एक इतिहास सांगितला. अमेरिकेच्या हवाई दलाने 1950 साली 4,063 वैमानिकांची मापे घेतली. पूर्वी विमानातील बैठक 'सरासरी' माणसाच्या मापाने करीत. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने उंची, छाती, बाहू अशी दहा मापे निवडून पाहिले, की या सर्वांत सरासरीच्या जवळपास बसणारे वैमानिक किती? उत्तर आले, एकही नाही! ज्या माणसासाठी बैठक केली तो माणूस पृथ्वीवर नव्हताच. मग बैठका मागे-पुढे, वर-खाली होणाऱ्या करण्यावर भर आला. आपल्या सोलापूरच्या जुन्या विणकराला हे कोणी शिकवावे लागले नसते. जमिनीत खड्डा करून बसवलेल्या मागावर पाय पावड्यांपर्यंत नीट पोचले नाहीत, तर दिवसभर विणणार कसे?

"मग तुझी स्वतःची खुर्ची कशी आहे?" मी विचारले.

तो ओशाळला. कार्यालयातील त्याच्या खुर्चीचा एक हात मोडलेला. पाठीचा टेका मागे कललेला. टेबल उंच आणि संगणकाचा पडदा मात्र इतका खाली, की मान दिवसभर वाकलेलीच. खिडकी पश्चिमेची, मे महिन्यात दुपारचे ऊन थेट पडद्यावर. पंखा लावावा तर नकाशे उडतात. डॉक्टरांनी काही आठवडे विमानात बसण्याची मनाई केलेली. लोकांना ब्रह्मज्ञान सांगून आपण कोरडे पाषाण राहावे, त्यातला हा प्रकार!

"अरे, मग खुर्ची मागितली का नाहीस?"

तो क्षणभर थांबून म्हणाला, "गुरुजी, लाज वाटली. आपणच वर्गात सांगत असा, खुर्ची कामासाठी असते, आरामासाठी नव्हे."

श्रोतेहो, हे वाक्य माझेच. पेंगणाऱ्या किती पोरांना मी ते ऐकवले असेल, याची गणती नाही. वीस-पंचवीस वर्षांनी ते एका सज्जन माणसाच्या मणक्यात रुतलेले पाहून माझी मान खाली गेली. कष्ट आणि क्लेश यांत मी भेद केला नव्हता. कष्टाने काम होते; क्लेशाने काम करणाराच झिजतो.

मग आम्ही गुरुशिष्यांनी माझ्याच टेबलापाशी प्रयोग केले. सोलापुरी चादरीची वळकटी करून कमरेच्या खळगीत ठेवली. पायांखाली पाट दिला, तेव्हा तळवे सपाट टेकले. कोपरे टेबलाच्या पातळीस आली. दोन जाड शब्दकोश रचून संगणकाच्या पडद्याची वरची कड डोळ्यांसमोर आणण्याचे ठरले. शब्दकोशांचा एवढा उपयोग मला नोकरीत सापडला नव्हता! टेबल असे फिरवायचे, की खिडकी समोर वा पाठीशी न येता बाजूस राहील. आणि मुख्य म्हणजे, दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालायची, नजर दूरवर न्यायची.

जाताना मी त्याच्याकडून खुर्चीसाठी अर्ज लिहून घेतला. शुद्धलेखन तपासण्याचा माझा हक्क अजून अबाधित आहे! परवा त्याचा फोन आला. खुर्ची अद्याप मंजूर झालेली नाही. परंतु वळकटी आणि पाट यांनी बराच उतार पडला आहे, आणि शेजारच्या दोन शिक्षकांनीही अर्ज केले आहेत.

आपल्या घरीही हीच दृष्टी न्यावी. मुलाचे पाय अभ्यासाच्या खुर्चीवरून लोंबकळतात काय? स्वयंपाकघराचा ओटा घरातील बाईच्या मापाचा आहे, की बांधणाऱ्याच्या मनातील त्या अस्तित्वात नसलेल्या सरासरी बाईच्या? एक पाट, एक घडी केलेली चादर, एवढ्यानेही पुष्कळ साधते.

माझे ते जुने वाक्य मी आज जाहीरपणे परत घेतो. खुर्ची कामासाठी असते हे खरेच. म्हणून ती बसणाऱ्याच्या मापाची असावी. माझे भाषण संपले. आता कृपा करून आपले पाय जमिनीला टेकले आहेत की नाहीत, तेवढे पाहा.