अंगावर काढलेल्या दुखण्यांचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी डॉक्टर नाही, संशोधकही नाही. समाजकार्याचं शिक्षण घेऊन वस्तीत काम करणारी कार्यकर्ती आहे. पण संशोधनाशी माझा एक जुना हिशेब राहिलाय, तिथूनच सुरुवात करते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका रुग्णालयाच्या पाहणीसाठी मी वस्तीतल्या बायकांकडून फॉर्म भरून घेत होते. पाळी, अंगावरून पांढरं जाणं, गर्भपात, सगळं विचारायचं. बायका दार लोटून, आवाज खाली करून सांगायच्या. पुढे निबंध छापून आला. संशोधकाच्या यादीत एकाची भर पडली. वस्तीत मात्र कुणी परत आलं नाही. वर्षभरानं एका मावशींनी विचारलं, "पोरी, त्या कागदांचं काय झालं गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

संशोधकाचं मोठेपण मोजायची एक रीत आहे. निबंध किती छापले, आणि दुसऱ्यांनी आपल्या लेखनात त्यांचा संदर्भ किती वेळा दिला, म्हणजे सायटेशन किती. असे संदर्भ मोजणारी सूची युजीन गारफिल्ड यांनी १९६४ साली अमेरिकेत सुरू केली. २००५ मध्ये हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं 'एच-निर्देशांक' मांडला. एखादीच्या वीस निबंधांचा प्रत्येकी किमान वीस वेळा संदर्भ दिला गेला असेल, तर तिचा निर्देशांक वीस. नोकरी, बढती, अनुदान ठरवताना हे आकडे पाहिले जातात.

आता एक निबंध बघू. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. लेखकांत पहिलं नाव डॉ. राणी बंग यांचं. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी त्यात होती. दवाखान्यात आलेल्या स्त्रियांची नव्हे, गावात राहणाऱ्या स्त्रियांची. हाच त्यातला मोठा फरक. तक्रार सांगणाऱ्या ५५ टक्के होत्या. तपासल्यावर ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले, एकेकीला सरासरी ३.६. आणि यापूर्वी अशी तपासणी व उपचार झालेल्या किती? फक्त आठ टक्के.

तोवर सरकारी आरोग्य यंत्रणेला बाई दिसायची ती गरोदर म्हणून, नाहीतर नसबंदीच्या उद्दिष्टातला एक आकडा म्हणून. या निबंधानं विचारलं, बाळंतपण सोडून बाईला दुसरं शरीर नाही का? स्त्रीरोगांवरचे उपचार प्राथमिक आरोग्यसेवेतच हवेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. त्याचे संदर्भ जगभर दिले गेले, आजही दिले जातात. १९९४ च्या कैरो परिषदेत प्रजनन आरोग्य हा हक्काचा मुद्दा झाला. आपल्याकडे १९९६ मध्ये कुटुंबनियोजनाची उद्दिष्टं ठरवून देणं बंद करायचं ठरलं. हे एका निबंधानं घडलं असं मी म्हणत नाही. त्यामागे देशोदेशीच्या स्त्री-चळवळी होत्या. पण त्या चळवळींच्या हातात पुरावा लागतो, आणि तो इथून मिळाला.

मात्र संदर्भाच्या आकड्याला काही गोष्टी कळत नाहीत. निबंध स्तुतीसाठी उल्लेखला की खोडून काढायला, हे त्याला कळत नाही. वाचून उल्लेखला की दुसऱ्याचं बघून उतरवला, तेही नाही. आणि ज्या बायांनी तपासणीला होकार दिला, त्यांचं नाव कुठल्याच सूचीत येत नाही.

यात आपलीही चूक होते बरं का. 'भारतातल्या ९२ टक्के ग्रामीण स्त्रिया आजारी' असं आपण भाषणात बिनधास्त ठोकून देतो. तो आकडा दोन गावांचा आहे, देशाचा नाही. कुठला, कधीचा, किती जणींचा, हे सांगूनच तो वापरू या. चुकीचा वापरला, तर उद्या एखादा अधिकारी तेवढंच पकडून आपला सगळा मुद्दा उडवून लावेल.

आता कुणी संशोधक वस्तीत आला, की मी फॉर्म हातात घेण्याआधी तीन प्रश्न विचारते. निष्कर्ष बायकांना त्यांच्या भाषेत सांगणार का? आजार निघाला तर उपचार कोण देणार? आणि बाई 'नको' म्हणाली, तर तिचं ऐकणार का? उत्तरं मिळाली नाहीत, तर आम्ही फॉर्म भरत नाही. तुम्हीही भरू नका.

संशोधनाला आपला विरोध नाही, उलट ते हवंच आहे. राणीताईंसारखं, बाईच्या बाजूनं उभं राहणारं. फक्त, किती संदर्भ मिळाले हे विचारून झाल्यावर मावशींचा प्रश्नही विचारायचा. त्या कागदांचं काय झालं?