तेरड्याचा रंग तीन दिवस
(पाड्यांवरील अभ्यासवर्ग चालवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बदलापूर येथील बैठकीत केलेले भाषण)



उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर इथून आपण दर रविवारी पाड्यांवर जाता. कातकरी-ठाकूर मुलांना विज्ञान कसे शिकवावे, असे आपण मला विचारले. मी एक प्रयोग सांगतो, आणि तो आताच का करायचा तेही सांगतो.

सध्या बांधाबांधावर तेरडा फुलला आहे. त्याच्या दोन सारख्या फांद्या कापून घ्या. एकीची पाने ठेवा, दुसरीची सगळी खुडा. दोन बाटल्यांत पाणी आणि लाल शाई घालून त्यांत फांद्या उभ्या करा. वर चमचाभर गोडेतेल ओता, म्हणजे पाणी नुसते उडून जाणार नाही. पाण्याच्या पातळीवर दोऱ्याची खूण बांधा.

तेरड्याचे खोड पाणीदार, आरपार दिसणारे. थोड्याच वेळात त्यात तांबड्या रेषा चढू लागतात. पानांच्या फांदीत त्या लवकर चढतात. खोड आडवे कापले की लाल ठिपके दिसतात. त्या जलवाहिन्या. दुसऱ्या दिवशी दोरा पाहा. पाने होती त्या बाटलीतले पाणी जास्त उतरलेले असते.

का, ते लगेच सांगू नका. उन्हातल्या एका फांदीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधा. दुपारी आत थेंब जमतात. पानांच्या बारीक रंध्रांतून पाणी बाहेर जाते आणि त्या ओढीने खालचे पाणी वर चढते, हे मुले मग आपणच जुळवतात.

इथे पाड्याचे ज्ञान कामाला येते. उपटून लावलेले भाताचे आवण चार दिवस मलूल का असते? मुळांवरचे केसासारखे मूलरोम तुटलेले असतात, पाणी शोषणारे तेच. भाजीचे रोप आई संध्याकाळी का लावते? ऊन उतरल्यावर पाने पाणी कमी सोडतात. मुलांना रीत ठाऊक असते, आता कारण हाती येते.

इंग्लंडमधील टेडिंग्टनचे पाद्री स्टीफन हेल्स यांनीही असेच केले. कुंडीतल्या सूर्यफुलाचे रोज वजन करून झाड किती पाणी सोडते ते त्यांनी मोजले आणि १७२७ साली पुस्तक छापले. हाताशी तराजू होता आणि रोज मोजण्याची चिकाटी होती.

एका मुलीने मला विचारले, "घाण पाणी असलं तर तेपण चढंल का?" अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराशेजारून वाहणारी वालधुनी पुढे कारखान्यांचे आणि गटारांचे पाणी घेत उल्हासनगरातून जाते. त्या मुलीचा प्रश्न पुस्तकातला नव्हता. कापलेल्या फांदीला अडवणारे मूळ नसते, हे तिला सांगावे लागले. मूळ बरेच काही अडवते, पण सगळे नाही. पाण्यात विरघळलेले काही धातूही भाजीत उतरतात. मग तिने मुळासकट धुतलेले रोप तिसऱ्या बाटलीत ठेवले. असा प्रश्न आला की तास सफल झाला समजा.

आता काळाचे. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. मुलेही जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तोवर वर्ग पुढे गेलेला असतो, मूल मागे बसते आणि मग येईनासे होते. वनस्पतींचा धडा पुस्तकात कितवा आहे हे पाहत बसलो, तर धडा येईल तेव्हा तेरडाही नसेल आणि मूलही नसेल. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. आपल्या हाती असलेला वेळही तेवढाच थोडा आहे.

म्हणून येत्या रविवारी दोन रिकाम्या बाटल्या आणि शाईची एक दौत पिशवीत टाका. फांदी मात्र मुलांनाच आणू द्या, आणि दोराही त्यांनाच बांधू द्या. भट्टीवर गेलेल्या मुलाच्या हाती पुस्तक असेल-नसेल. पण स्वतः करून पाहण्याची सवय त्याच्याबरोबर जाईल, आणि जूनमध्ये ते तिच्या बळावर पुन्हा वर्गात येऊन बसेल.